बोलण्याआधीचं बोलणं

मराठी घरातली नाती एकदा ओळीनं म्हणून पाहावीत. बाबा, दादा, काका, मामा, नाना, ताई, आत्या, अप्पा, अण्णा, अक्का. ही सगळी घरातली भारदस्त माणसं. कुणी गावचा पोलीस पाटील असतो, कुणी रेल्वेत गार्ड, कुणी शाळेची मुख्याध्यापिका. पण त्यांची संबोधनं पाहावीत तर अगदी पोरकट. एकच अक्षर दोनदा म्हटलं की नातं तयार! पूर्वजांना याहून वजनदार शब्द ठाऊक नव्हते असं थोडंच आहे? पिता, भ्राता, मातुल हे शब्द होतेच. पण ते पोथीत राहिले आणि घरात ‘बाबा’ आणि ‘मामा’ नांदत राहिले.

याचं कारण पाळण्यात सापडतं. सात-आठ महिन्यांचं बाळ जबडा उघडतं आणि मिटतं, त्याबरोबर गळ्यातून आवाज सोडतं. ओठ मिटून उघडले की ‘बाबाबा’ होतं. जिभेचं टोक दातांमागे टेकलं की ‘दादादा’ होतं. आवाज नाकातून गेला की ‘मामामा’. यातून त्याला कुणालाही हाक मारायची नसते. पण भोवतीची मोठी माणसं कान टवकारून बसलेली असतात. ‘बघा, मला बाबा म्हणाला!’ असं म्हणत त्यांनी हे आवाज आपापसात वाटून घेतले. रोमान याकबसन या भाषापंडितानं 1960 च्या सुमारास हेच सांगितलं : आवाज बाळाचे, अर्थ मोठ्यांचे. म्हणून तर वाटणी प्रत्येक भाषेत निराळी. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. जॉर्जिया देशात ‘मामा’ म्हणजे चक्क वडील, आणि ‘देदा’ म्हणजे आई. आपल्या ‘आई’ला मात्र व्यंजनाचीही गरज लागली नाही. दोन स्वरांत तिचं काम भागलं.

शब्दांच्या आधीच्या या आवाजांना मराठीत धड नावसुद्धा नाही. ‘बोबडे बोल’ म्हणतो ते नंतरचे. त्यात शब्द असतात, फक्त उच्चार कच्चे असतात. त्या बोबड्या बोलांचं कौतुक आपल्याकडे फार जुनं आहे. मूल बोबडं बोललं तरी मायबापांना संतोषच होतो, हा दाखला ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात दिला आहे. पण त्याच्याही आधीच्या चार-पाच महिन्यांतल्या अर्थहीन आवाजांना आपण ‘बडबड’ म्हणतो आणि हसून सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच, की ती सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ती लक्ष देऊन ऐकावी, तिला उत्तर द्यावं, आणि ती वेळेवर आली नाही तर त्याची दखल घ्यावी.

बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षं मी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या शाखांत काढली, आणि निवृत्तीनंतर कर्जतलाच राहिले. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला काउंटरसारखी जागा नाही. समोर माणसं येतात, रांगेत ताटकळतात आणि बोलतात. आमच्या रांगेत आगरी बोली ऐकू यायची, कुणब्यांची बोली यायची, ठाकरांची, कातकऱ्यांची, बाजारपेठेतल्या मारवाडी दुकानदारांची, खोपोलीच्या कारखान्यांत आलेल्या उत्तरेकडच्या कामगारांची हिंदी. बायकांच्या कडेवर मुलं असायचीच. आईचा अंगठा शाईत बुडायचा तेव्हा कडेवरचं बाळ माझ्याकडे बघून ‘बाबाबा, दादादा’ सुरू करायचं. आयांच्या बोली वेगवेगळ्या, पण त्या वयाच्या बाळांची बोली मला तरी एकच वाटायची.

ती अगदीच एक नसते, हे नंतर वाचनातून कळलं. फ्रान्समधल्या काही संशोधकांनी 1984 साली आठ महिन्यांच्या बाळांच्या आवाजाच्या फिती फ्रेंच माणसांना ऐकवल्या. फ्रेंच घरातलं बाळ कुठलं आणि अरबी घरातलं कुठलं, हे त्यांना बऱ्यापैकी ओळखता आलं. अक्षरं सारखी असली तरी हेल घरचा लागलेला असतो. हा हेल बाळ पोटात असल्यापासूनच ऐकत असतं. गर्भाचे कान सहाव्या-सातव्या महिन्यापासून काम करू लागतात. जन्मून दोन-तीन दिवस झालेलं बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं, हे 1980 साली प्रयोगानं सिद्ध झालं आहे.

मग तोंड कामाला लागतं, तेही पायरीपायरीनं. पहिले दीड-दोन महिने फक्त रडणं. त्यानंतर बाळ खुशीत असलं की गळ्यातून ‘अगू, अगू’ असे मऊ आवाज येतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात खेळ सुरू होतो : किंचाळून पाहायचं, घुमवून पाहायचं, ओठांतून थुंकीचे बुडबुडे काढत ‘फुर्र’ करायचं. बाळ फुर्र करायला लागलं की पाऊस येतो, असं आमच्याकडच्या आज्या म्हणतात. माथेरानच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर असं म्हणणाऱ्या आजीचा अंदाज सहसा चुकत नाही! सहाव्या महिन्यानंतर, म्हणजे साधारण उष्टावणाच्या सुमारास, खरा टप्पा येतो. व्यंजन आणि स्वर यांची नीट जोडी लागते आणि ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशा माळा निघू लागतात. पुढे माळेत निरनिराळे मणी येतात, ‘बादागा’, ‘माबादी’. त्यांना प्रश्नाचा, रागाचा, तक्रारीचा सूर चढतो. बाळ जणू भाषणच करत असतं, फक्त शब्द तेवढे यायचे असतात. वर्षाच्या आगेमागे पहिला शब्द येतो.

याच काळात बाळाचा कान एक मोठा हिशेब पुरा करत असतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी 1984 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्याला विशेष जवळचा वाटावा. त्यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसाला यातला फरक कळता कळत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळला. तीच परीक्षा दहा ते बारा महिन्यांच्या बाळांची घेतली तेव्हा बहुतेकांची ती ताकद गेलेली होती. घरात जो फरक कुणी करतच नाही, तो कान कशाला सांभाळून ठेवील? आपल्या बाळांचा कान मात्र ‘ट’ आणि ‘त’ दोन्ही जमेच्या बाजूला ठेवतो. ‘ताट’ आणि ‘टाट’ यांतला फरक कुणी न शिकवता आपल्याला कळतो, त्याची तजवीज पहिल्याच वर्षात होऊन गेलेली असते.

मोठी माणसंही या वयाच्या बाळाशी बोलताना आपली भाषा बदलतात. जेवण म्हणजे ‘मंमं’, फिरायला जाणं म्हणजे ‘भूर’, कुत्रा म्हणजे ‘भूभू’, गाय म्हणजे ‘हम्मा’. त्याशिवाय चिऊ, काऊ, माऊ आहेतच. कचेरीत कडक इस्त्रीत वावरणारा साहेबसुद्धा घरी नातवंडासमोर ‘मंमं हवं?’ असं विचारतो. या लाडक्या बोलीकडे गंभीरपणे पाहणारा अभ्यासक आपल्या मराठीतच निघाला, याचा मला अभिमान वाटतो. डॉ. अशोक केळकर यांनी 1964 साली ‘वर्ड’ या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात मराठीतल्या या बोलीवर इंग्रजीत लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकानं जगातल्या सहा भाषांमधली बाळबोली तपासली, त्या सहांत मराठी होती. भाषा निरनिराळ्या असल्या तरी बाळांशी बोलण्याचे शब्द सगळीकडे आखूड, सोपे आणि दुरुक्तीचे, असं त्यांच्या ध्यानात आलं. गंमत म्हणजे चार्ल्स डार्विननं 1877 साली आपल्या मुलाविषयी जे टिपण प्रसिद्ध केलं, त्यात मूल बरोबर एक वर्षाचं असताना खाण्यासाठी ‘मम्’ असा शब्द आपल्या मनानंच वापरू लागलं, अशी नोंद आहे. डार्विनच्या घरी मराठी कुणाला येत नव्हतं. पण भुकेल्या बाळाचे मिटलेले ओठ सगळीकडे सारखेच.

आपण बाळाची भाषा उचलतो आणि बाळ आपली. ही देवाणघेवाण दिसते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. अमेरिकेतले मायकेल गोल्डस्टीन आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 साली आठ महिन्यांची बाळं आणि त्यांच्या आया यांना एका खोलीत खेळायला बसवलं. निम्म्या आयांना सांगितलं, की बाळानं आवाज काढला रे काढला की लगेच हसा, जवळ जा, त्याला हात लावा. बाकीच्या आयांनीही तेवढंच हसायचं, तेवढाच हात लावायचा, पण बाळाच्या आवाजाशी त्याचा मेळ नाही. ज्यांना आवाजाबरोबर उत्तर मिळत होतं, त्या बाळांची बडबड त्याच बैठकीत सुधारली, अधिक स्पष्ट झाली. प्रेम दोन्हीकडे सारखंच होतं. फरक होता तो उत्तर वेळेवर मिळण्याचा.

उत्तर अजिबातच मिळालं नाही तर काय होतं, याची एक करुण कहाणी आपल्याच इतिहासात आहे. माणसाची मूळ भाषा कोणती, हे पाहण्यासाठी अकबर बादशहानं काही तान्ही मुलं एका वेगळ्या घरात ठेवली. त्यांना सांभाळणाऱ्यांनी त्यांच्यासमोर एक शब्दही बोलायचा नाही, असा हुकूम होता. 1582 साली बादशहा स्वतः पाहायला गेला. मुलं चार वर्षांची झाली होती, पण त्यांच्या तोंडात बोलणं नव्हतं. लोकांनी त्या घराला ‘गुंग महाल’ म्हटलं, म्हणजे मुक्यांचा वाडा. त्या मुलांच्या कानांत काही दोष असल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांना बोलायला माणूस मिळाला नव्हता.

पण असंही घर असतं, जिथं माणसं बोलतात, लाड करतात, उत्तर देतात, आणि ते बाळापर्यंत पोचत नाही. दर हजार जन्मांमागे निदान एक-दोन बाळं अशी असतात, की त्यांना जन्मतःच नीट ऐकू येत नाही. असं बाळ इतर बाळांसारखंच रडतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ‘अगू’ही करतं. त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. किम ऑलर आणि रेबेका आयलर्स यांनी 1988 साली दाखवून दिलं, की ऐकू येणारी बाळं सहा ते दहा महिन्यांत ‘बाबाबा’च्या माळा सुरू करतात, कर्णबधिर बाळांत ते अकरा महिन्यांच्या आत होत नाही, काहींना दोन वर्षं लागतात. याचा अर्थ फार साधा आहे. दहा महिने पुरे झाले आणि बाळाच्या तोंडात एकही ‘बाबा’, ‘दादा’, ‘मामा’ नसेल, तर पहिल्यांदा कान तपासून घ्यावेत.

मला हे पुस्तकांतून कळण्याआधी खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवर कळलं होतं. नव्वदच्या दशकात शेळ्यांसाठी दिलेल्या कर्जाची पाहणी करायला मी तिथं गेले होते. अंगणात दीड वर्षाची मुलगी बसली होती. सगळे तिचं कौतुक करत होते. ‘लय गुणाची पोर हाय. ठेवाल तिथं बसते. कसला म्हणून त्रास नाय.’ आजी तेवढी कौतुक करत नव्हती. भात पाखडता पाखडता ती मला म्हणाली, ‘हिच्या तोंडात बा नाय, दा नाय. आवाज निसता गळ्यातनं येतो. पाच पोरं वाढवली मी, असं कुणाचं नव्हतं.’ त्या अडाणी म्हातारीनं कसलंही यंत्र न वापरता निदान केलं होतं. पण घरातल्यांनी ते मनावर घेतलं नाही. मुलीच्या मामानंही तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं म्हणे. एका डॉक्टरांना दाखवलं, तेही ‘बोलेल हो सावकाश’ म्हणाले. वेखंड उगाळून जिभेला लावणं चालू राहिलं. दोष जिभेत नव्हताच. मुंबईला नेऊन तपासणी झाली तेव्हा मुलगी साडेतीन वर्षांची होती.

पुढे तिला कानाचं यंत्र मिळालं, कर्णबधिरांच्या शाळेत ती शिकली. वीस वर्षांची असताना ती आमच्या शाखेत खातं उघडायला आली. फॉर्म तिनं स्वतः भरला, सही मराठीत, ठळक आणि वळणदार. तिची आई ज्या रांगेत अंगठा लावायची, त्याच रांगेत. मी जे विचारत होते, ते माझ्या ओठांकडे बघून तिला बरंचसं कळत होतं, आणि ती जे बोलत होती ते मला थोडंसं. बाकीचं आम्ही कागदावर लिहून भागवलं. तिनं मिळवलं ते पुष्कळच. पण पहिल्या वर्षात आजीचं कुणी ऐकलं असतं तर त्या कागदाची गरज किती उरली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. बाळ झोपेत असताना कानात मऊ बोंडी बसवून काही मिनिटांत होणारी ‘ओएई’ चाचणी मोठ्या रुग्णालयांत जन्मल्याबरोबर करता येते. तिच्यात शंका आली तर ‘बेरा’ ही पुढची चाचणी असते. दोन्हींत टोचणं नाही, दुखणं नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा जगभरातल्या तज्ज्ञांचा दंडक आहे. सहा महिन्यांच्या आत ज्यांचं निदान झालं त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस राहते, असं 1998 सालच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत दिसून आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरहून सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात आणि बहिरेपणा व उशिरा बोलणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कर्जतची लोकल धरून दादरला बदललं की तिथं जाता येतं. रुबेला या गरोदरपणातल्या आजारानं बाळ बहिरं होऊ शकतं; त्याची लस 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रभर मोहीम काढून दिली गेली आणि आता ती नेहमीच्या लसीकरणात आहे.

तरीही काही बाळं निसटतात. आमच्या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला परततात. एखादं बाळ नेमकं सहाव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत भट्टीवर असतं. पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा वाडीतल्या घराला कडी असते. अशा बाळाची बडबड ऐकायला घरचीच माणसं उरतात. म्हणून हे ज्ञान डॉक्टरांपाशी असून भागणार नाही. ते आशाताईपाशी, अंगणवाडीच्या बाईंपाशी आणि त्या भट्टीवरच्या आजीपाशी असलं पाहिजे.

शहरी घरांतली अडचण निराळी. कर्जतहून पहाटेची लोकल पकडणारे आईबाप बाळ झोपेत असताना निघतात आणि पुन्हा झोपल्यावर परततात. बाळ आजीपाशी किंवा पाळणाघरात असतं, आणि भरवताना समोर मोबाईल लावून दिलेला असतो. पेट्रिशिया कूल यांनी 2003 साली अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवून पाहिली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून नऊ महिन्यांची बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच माणूस, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा काही शिकली नाहीत. पडदा बोलतो, पण बाळ ‘दादादा’ म्हणालं तर थांबून त्याच्याकडे बघत नाही.

बोलणं म्हणजे फक्त आवाज, असंही समजू नये. कॅनडात लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी 1991 साली कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर बाळं पाहिली. घरात खुणांची भाषा होती. ती बाळं हातांनी बडबडत होती : एकच खूण पुन्हा पुन्हा, अर्थ नसलेली, आपल्या ‘बाबाबा’सारखी. बाळाला बोलायचंच असतं. घरात जी भाषा त्याच्यापर्यंत पोचेल, तिचा ते सराव करतं.

आपल्या हातात काय आहे, ते थोडक्यात सांगते. बाळ ‘बाबाबा’ म्हणालं की हातातलं काम क्षणभर थांबवावं, त्याच्याकडे बघावं, तेच त्याला परत म्हणून दाखवावं, आणि मग गप्प राहून त्याची पाळी येऊ द्यावी. बाळाला ऐकू येतं की नाही हे बघायला त्याच्यापाशी ताटली आपटू नये. जमिनीची थरथर त्याला कळते, आपला हात त्याला दिसतो, आणि ते वळून बघितल्यावर घरातले उगाच निर्धास्त होतात. आपल्या घरातल्या बाळाला ‘शांत’ म्हणण्यापूर्वी ते कशानं शांत आहे, एवढं एकदा बघावं. जन्मतः वजन फार कमी असेल, कावीळ जोराची झाली असेल, मेंदूज्वर होऊन गेला असेल किंवा घराण्यात कुणी लहानपणापासून बहिरं असेल, तर दहा महिने थांबूही नये. तपासणीत कान चांगले निघाले तर पेढे वाटावेत आणि बडबड उशिरा का येते, ते बालरोगतज्ज्ञांना विचारावं. आणि घरातली म्हातारी ‘हिच्या तोंडात अजून बा नाही’ असं म्हणाली, तर तिला गप्प करण्याऐवजी दुसऱ्या दिवशीची गाडी गाठावी.